वधूची संमती

"वधूचं वय?" फोनवरच्या बाईंनी विचारलं.

"शहात्तर," लेक म्हणाली.

बाई जरा अडखळल्या. मग आवाजात साखर घोळवत म्हणाल्या, "अगंबाई, किती गोड! लग्नाच्या शपथा पुन्हा घ्यायच्यात ना? मग आमचं मोठं पॅकेजच घ्या. फुलांची कमान, माईक, फोटो, शपथांचा मजकूरसुद्धा आमचाच." त्यांनी सांगितलेल्या आकड्यात आईच्या शुश्रूषागृहाचे दोन महिने निघाले असते. लेकीने आभार मानून फोन ठेवला.

"काय म्हणतात?" वडिलांनी विचारलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चादर पसरून ते आपला जुना कोट इस्त्री करत होते. बाहीवर एका सुरकुतीच्या तीन झाल्या होत्या.

"परवडण्यासारखं नाही, बाबा."

"अगं, चार वाक्यं वदवून घ्यायची. त्याला कमान कशाला? तिच्या त्या खोलीत दोन खुर्च्या ठेवल्या की पाय ठेवायला जागा नसते."

आई आधी लेकीला विसरली. लेकीला त्याची सवय झाली. मग ती वडिलांनाही विसरली, आणि त्याची सवय कोणालाच करता येईना. एका दुपारी त्यांनी नेहमीसारखा तिचा हात हातात घेतला, तर तिने तो झटकन ओढून घेतला आणि नर्सला म्हणाली, "या गृहस्थांना सांगा, परक्या बाईचा हात असा धरू नये." तेव्हापासून त्यांची खुर्ची दाराशी गेली. ती जरा पुढे सरकली, की आई घंटी वाजवायची. दाराशी बसून ते दिवसभराच्या गोष्टी सांगत. मोठ्याने बोलले तर ती घाबरे. हळू बोलले तर तिला ऐकूच जात नसे. ते हळू बोलत.

हात झटकल्याच्या तिसऱ्या दिवशी वडिलांना उलगडा झाला. "तिला वाटतंय, तिचं लग्न व्हायचंय अजून. चांगल्या घरची मुलगी, हात कशी धरू देईल? मग करू की लग्न. मुलगी तर मला पसंतच आहे."

लेकीला हसू आलं नाही. ती लग्न लावणाऱ्यांचे नंबर शोधू लागली.

कमानवाल्या बाईंनंतर एक तरुण स्वस्तात लग्न लावायला तयार झाला, पण घरबसल्या, व्हिडिओ कॉलवरून. "म्हणजे मी त्याच्या तोंडाकडे बघून शपथ घ्यायची?" वडील म्हणाले. तो विषय तिथेच संपला. शेवटी शेजारणीने विवाह नोंदणी कार्यालयातल्या एका निवृत्त कारकुनांचा नंबर दिला.

"येण्याजाण्याचं भाडं द्या, बाकी काही नको," ते म्हणाले. "पण माझी एक पद्धत आहे. आधी दोघांना वेगवेगळं भेटतो, दार लावून. मनापासून आहे ना, ते विचारतो. नाही म्हणाले, तर मी लावत नाही."

"अहो, त्यांचं लग्न कधीच झालंय."

"तरी विचारतो. तेव्हा कोणी विचारलं होतं की नाही, देव जाणे."

ठरल्या दिवशी ते शुश्रूषागृहाचा जिना चढून धापा टाकत आले. चादरी ठेवायच्या खोलीत वडिलांना भेटले आणि लगेच बाहेर पडले. "यांची संमती आहे. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत तीनदा हो म्हणाले." मग ते आईच्या खोलीत गेले आणि दार लागलं.

वडील बाहेर ताठ उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. वाक्यं पाठ चालली होती. एकदा त्यांनी तळहात रुमालाने कोरडे केले. लेकीने कॉलर नीट करायला हात पुढे केला, तर म्हणाले, "राहू दे, ती करेल."

दार उघडलं. कारकुनांनी ते हलकेच मागे लोटलं.

"नाही म्हणाल्या."

"तिला काही कळत नाही हो," लेक म्हणाली. "तुम्ही नुसतं वाचा. ती मान हलवेल."

"तसं मला नाही करता येणार, ताई."

"मग आलात कशाला? एवढी साधी गोष्ट! त्यांना फक्त तिच्या शेजारी बसायचंय!" तिचा आवाज चढला तशी टेबलाशी बसलेल्या नर्सने मान वर केली.

"थांब गं," वडील म्हणाले. मग कारकुनांकडे वळले. "काय म्हणाली ती? जसंच्या तसं सांगा."

कारकुनांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"म्हणाल्या, माणूस भला दिसतो. रोज येऊन दाराशी बसतो बिचारा. त्याला दुखवू नका. पण मी लग्न झालेली बाई आहे. माझे हे कामावरून यायचेत अजून. ते आल्यावर मी त्यांना काय तोंड दाखवू?"

एक बाई ताटांची गाडी ढकलत त्यांच्या मधून गेली. तिला वाट द्यायला वडील मागे सरले आणि तसेच बाकावर बसले. त्यांनी कोटाची बटणं सोडली, कोट काढला, घडी घालून मांडीवर घेतला.

"साहेब," ते म्हणाले, "एक काम कराल? पुन्हा आत जा आणि तिला सांगा, कामावरून निघालेत म्हणावं ते. पोचतीलच."