कुमुदिनी सिस्टरांचे हात

डॉ. श्रीनंदचा वॉर्डातला पहिलाच दिवस होता, पण हातमोजे चढवल्याबरोबर त्याची बोटं सराईतासारखी चालू लागली. त्या बोटांनी कुमुदिनी सिस्टरांच्या हातावर दोन टिचक्या मारल्या, जरा थांबून तिसरी मारली आणि सुई पहिल्याच खेपेला शिरेत गेली.

खाटेवरच्या सिस्टर खुदकन हसल्या. "ती तिसरी टिचकी माझी बरं का! निवृत्त होताना सहा महिने माझ्या हातांना तारा बांधून त्यांची प्रत्येक हालचाल यंत्रात उतरवून घेतली होती. तुम्हा पोरांची बोटं चालवणाऱ्या या मोज्यांत माझेच हात आहेत."

"म्हणजे मावशी, तुम्हीच स्वतःला सलाईन लावलंत!"

"मावशी नाही, सिस्टर म्हण. आमच्या वेळचे शिकाऊ डॉक्टर महिनाभर रडायचे, तेव्हा कुठे त्यांना शीर सापडायची."

"आम्ही सुटलो. तुमचे रिपोर्ट चांगले आहेत, परवा घरी जाल."

बोलता बोलता त्याच्या हातांनी चादर सिस्टरांच्या पावलांभोवती घट्ट खोचली आणि एक तळवा त्यांच्या कपाळावर क्षणभर टेकला.

सिस्टरांचं हसू मावळलं. चाळीस वर्षांत त्यांनी असं मोजक्याच पेशंटना केलं होतं. रिपोर्ट काहीही म्हणोत, अंगाला हात लागला की त्यांच्या हातांना आधी कळायचं. त्यांतला एकही पेशंट घरी गेला नव्हता. हे त्या कधी कुणाजवळ बोलल्या नव्हत्या.

"हे का केलंस रे?"

"काय?" श्रीनंदनं आपल्या हातांकडे पाहिलं. "मोज्यांनी केलं असेल. थंडी वाजतेय का?"

"माझ्या लेकीला फोन लाव," सिस्टर म्हणाल्या. "परवा नको, आत्ताच ये म्हणावं."