शेवटचे चाळीस सेकंद

"दिव्यांग दिग्दर्शकांच्या हातून सिनेमाचा नवा इतिहास लिहिला जाणार आहे," असं संस्थेच्या अध्यक्षांनी जाहीर केलं ते तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद होती, त्यामुळे इतिहास लिहिणाऱ्या पाच जणांपैकी दोघं आपापल्या चाकाच्या खुर्चीत तळमजल्यावरच राहिली होती. लाउडस्पीकर चांगला होता, म्हणून इतिहास त्यांना ऐकू तरी आला.

त्याच पाचांतल्या मुकादमबाई मात्र पायांनी खणखणीत. तीन मजले चढून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. हे नाव त्यांच्या कॅमेरामनने पाडलेलं. जन्मापासून दिसत नसलेल्या या बाई शूटिंगला सगळ्यांना कामाला जुंपत. प्रत्येक दृश्याआधी तळहात पुढे करत आणि म्हणत, "काढ." मग तो बोटाने त्यांच्या हातावर चौकट आखी: इथे चेहरा, इथे टेबल, इथे नुसती भिंत. पटलं नाही की बाई मूठ मिटत. मूठ मिटली की सगळं पहिल्यापासून.

भाषण आटोपल्यावर अध्यक्षांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"ताई, सिनेमा झकास झालाय. फक्त तेवढा शेवट."

"शेवटाला काय धाड भरली?"

"काही होतच नाही हो त्यात. तुमची ती टेलिफोनवरची अंध मुलगी. साहेब तिला सगळ्यांदेखत 'बिचारी' म्हणतो, ती फोन ठेवते आणि चाळीस सेकंद आपल्याकडे पाठ करून बसते. माणसं चुळबुळ करतील."

"करू देत. त्यासाठीच ठेवलेत ते चाळीस सेकंद."

"जरा हसली तर काय बिघडलं? योजना आपली आहे, पैसे आपण दिलेत. आशेचा किरण वगैरे नको का?"

"बावीस वर्षं मी असल्याच टेलिफोनवर बसले, अध्यक्ष. जो येईल तो माझं कौतुक करून जायचा आणि मी हसायचे. नोकरी होती, हसले. या पोरीला मी हसू देणार नाही. तुम्हाला चालत नसेल तर सिनेमा परत द्या. गच्चीवर चादर टांगून दाखवीन."

अध्यक्षांनी पेनला टोपण लावलं.

"बरं. तुमचाच सिनेमा. एक आवाज इकडचा तिकडे होणार नाही, शब्द देतो."

बाह्या सरसावून भांडायला आलेल्या माणसाला समोरच्याने एकदम चहा विचारावा, तसं झालं. बाईंना ते आवडलं नाही, पण चहा त्या प्यायल्या.

पुढच्या आठवड्यात संकलकाने त्यांना पक्की प्रत ऐकवली. कॅमेरामन नव्हता, संस्थेने त्याला दुसरीकडे पाठवलं होतं. बाई कान टवकारून बसल्या. फोन ठेवल्याचा खट्ट आवाज. मग पंखा. मग खुर्चीची करकर. त्यांनी मनात मोजलं: बरोबर चाळीस.

"काढ," म्हणत त्यांनी तळहात पुढे केला.

"आता काय काढू मावशी?" संकलक म्हणाला. "तुम्ही ऐकलंत तेच आहे. पाणी देऊ का?"

पाणी पिऊन बाईंनी तो दाखवील तिथे सही केली.

पहिला खेळ या वेळी तळमजल्याच्या सभागृहात झाला. त्यासाठीही बाईंना दोनदा आवाज चढवावा लागला होता. न दिसणाऱ्या प्रेक्षकांना हेडफोन दिले होते. मागच्या काचेच्या खोलीत बसलेली निवेदिका पडद्यावर जे दिसेल ते त्यातून सांगत होती. दिसेल तेवढंच सांगायचं, पदरचं घालायचं नाही, हा त्या कामाचा नियम. बाईंनी हेडफोन एकाच कानाला लावला. दुसरा कान त्यांना चुळबुळीसाठी मोकळा हवा होता.

"मुलगी वही उघडते," निवेदिका म्हणाली. "साहेब टेबलाशी येतात." सगळं हातावर काढलं होतं तसंच चाललं होतं.

खट्ट.

बाई मोजू लागल्या. दहा झाले तरी चुळबुळ नाही. पंधराला कुणीतरी नाक ओढलं. मागच्या रांगेत एक बाई शेजारणीला म्हणाली, "किती गोड गं." विसाला चक्क टाळ्या सुरू झाल्या. पंखा तोच फिरत होता, खुर्ची तशीच करकरत होती.  मुकादमबाईंनी हेडफोन कानावर घट्ट दाबला.

"मुलगी वळते," निवेदिका एकसुरात सांगत होती. "दारातून संस्थेचे अध्यक्ष आत येतात. मुलीच्या डोक्यावर हात ठेवतात. मुलगी हसते. पडद्यावर दिग्दर्शिकेचं नाव येतं. सिनेमा संपला. जाताना हेडफोन दाराजवळच्या टोपलीत ठेवावेत, ही विनंती."