पांढऱ्या घोड्यावरचा सभासद

“पोचलाय तो. मला त्याचा मेसेज आलाय,” अंतराने तिसऱ्यांदा सांगितलं.

फोनवर तिच्या नवऱ्याचा, सुयशचा, सहकारी अकबर होता. ते राहायचे त्या महबूलाहून शुऐबाच्या प्लँटकडे निघालेल्या कंपनीच्या बसला टँकरने उडवलं होतं, प्लँटच्या थोडं अलीकडे. “भाभी, आप अस्पताल आ जाइए,” एवढंच तो घोकत होता. अंतराला त्याचा रागच आला. खातरजमा न करता कुणाच्याही बायकोला असं घाबरवायचं म्हणजे काय! अपघात वाटेत झाला आणि सुयश तर पोचला होता. आधीच्या बसने गेला असणार. त्याचा फोन लागत नव्हता, पण तो रोजच लागत नाही; प्लँटच्या गेटवर सगळ्यांचेच फोन काढून घेतात. तिने फोन ठेवला आणि ती कामाला लागली.

शहरातल्या दस्मान भागात लैला मॅडमच्या घरी त्यांच्या जुन्या चित्रांच्या नोंदी करायचं तिचं काम. आज टेबलावर युरोपातल्या कुठल्याशा जुन्या संसदेची मिरवणूक होती, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली. पुढे कर्णेवाले आणि मागे घोड्यांवर बसून अधिवेशनाला निघालेले सभासद. एकेकाची ऐट बघून घ्यावी.

“हा पांढऱ्या घोड्यावरचा बघ,” लैला मॅडम कौतुकाने म्हणाल्या. “मिरवणुकीच्या दिवशी हा जिवंतच नव्हता.”

“मग चित्रात कसा?”

“चित्र आधीच कोरून ठेवायचे. त्याच दिवशी विकायला हवं ना! हा आदल्या रात्री मरेल, हे कोरणाऱ्याला काय ठाऊक?”

अंतरा हसायला गेली आणि मध्येच थांबली.

मागे एकदा स्वयंपाकघरात तिच्या फोनवर ‘पोचलो’ असा मेसेज आला, तेव्हा सुयश दारातच बूट घालत होता. “गेटवर फोन जमा करायची झुंबड असते गं. मेसेज राहून गेला की तुझा जीव टांगणीला लागतो. म्हणून आधीच धाडून टाकतो,” तो ओशाळून म्हणाला होता. किती हसले होते दोघं!

तिने पुन्हा फोन उचलला. सकाळपासून तिने तो शब्द तेवढा वाचला होता, मेसेजची वेळ पाहिलीच नव्हती. आता पाहिली.

मेसेज आला तेव्हा महबूलातून एकही बस सुटली नव्हती.