उशिरा उमटणारी अक्षरं

अर्पिताने 'दाखला' हा शब्द टाईप केला. पडद्यावर काहीच उमटलं नाही. तिने तीच बटनं पुन्हा दाबली, जरा जोरात. पडदा कोराच. कॉम्प्युटरच्या डब्याचा लाल दिवा तेवढा सारखा लुकलुकत होता. मग एकदम दोन्ही वेळचं टायपिंग धाडकन उमटलं. 'दाखलादाखला'.

तिचे हात आपोआप मागे आले.

असंच दोनदा उमटलेलं नाव तिने दीड महिन्यापूर्वी पाहिलं होतं. दारव्ह्याच्या एका कॉलेजात ती ऑफिसची प्रमुख होती. हे मशीन तिथले कारकून मारोतराव मुनेश्वर यांचं. एकोणतीस वर्षांची नोकरी, आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. यंदा प्रवेशाच्या गर्दीत त्यांचं काम अचानक मंदावलं. खिडकीसमोरची रांग फाटकापर्यंत जायला लागली. एक दिवस सुरभी नावाची मुलगी दाखला घेऊन परत आली. त्यावर तिचं नाव दोनदा छापलं होतं.

"काका, हात साथ देत नाहीत आता तुमचे. मान्य करा ना," अर्पिता सगळ्या रांगेदेखत म्हणाली होती.

मारोतराव बोटांकडे बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी तिने त्यांना आवक-जावकच्या रजिस्टरवर बसवलं आणि दाखले शेजारच्या टेबलावर दिले. आठवड्याभरात ते आजारपणाच्या रजेवर गेले, ते आलेच नाहीत. त्यांचं मशीन तसंच पडून होतं. आज शेजारचं बंद पडलं, म्हणून ती इथे बसली होती.

तिने बाजारातल्या दुकानातून राजदीपला बोलावलं. त्याने पाच मिनिटं खाटखुट केलं.

"मशीन चांगलं हाये, मॅडम. मेमरी कमी हाये याची," तो म्हणाला. "टेबलावर जागा नसली का आपण फाइल कपाटात ठेवतो ना? अन् लागली का उठून आणतो. हे दिवसभर तेच करून राह्यलं. जुन्या हार्डडिस्कवर सामान टाकते, तिथूनच वापस आणते. त्या धावपळीत तुमचं अक्षर अडकून राह्यते."

"पण आधी तर बरं चालायचं."

"आधी एक काम उघडं असन. आता पाहा, विद्यापीठाची साइट, प्रवेशाचं सॉफ्टवेअर, दहा वर्षांचे निकाल. एवढं सारं संगंच उघडं ठेवा म्हणून कोणं सांगतलं?"

जूनमध्ये अर्पितानेच मारोतरावांना सांगितलं होतं. रांग लवकर सरकावी म्हणून.

राजदीपने दोन गोष्टी बंद केल्या. तिने पुन्हा 'दाखला' टाईप केलं. अक्षरं बोटांबरोबर धावली.

ऑफिस सुटल्यावर ती थेट मारोतरावांच्या घरी गेली. ते ओसरीत सुपात तूर निवडत बसले होते. तिला पाहून उठायला लागले.

"बसा काका, बसा." ती समोरच टेकली आणि सगळं सांगून मोकळी झाली. कमी मेमरी, हार्डडिस्क, तिचा जूनमधला हुकूम. "चूक माझी होती. तुम्हाला चारचौघांत बोलले. तुमच्या हातांना काहीच झालेलं नाही."

मारोतरावांनी सूप बाजूला सारलं.

"म्हणजे माहे बोटं बराबर होते?"

"अगदी बरोबर."

"बटन दाबो, तं अक्षर दिसेच ना. मले वाटलं, म्या दाबलंच नाई. म्हणून पुन्हा दाबो." त्यांनी आत वळून हाक मारली. "इंदू! आयकलं का? मॅडम म्हणतेत, हाताले काई झालं नाई."

त्यांची बायको इंदूबाई दारात आल्या. त्यांना आनंद व्हायला हवा होता. त्या पदर तोंडाला लावून नुसत्या उभ्या राहिल्या.

"काय झालं?" अर्पिताने विचारलं.

"तीस वर्षं बुद्ध विहारात पेटी वाजवली यायनं," इंदूबाई म्हणाल्या. "यंदा पावसाळ्यातल्या वर्षावासात हात लावला नाई. बोटं आपल्या ताब्यात नाईत, लोकायचं गाणं काहून बिघडवू म्हणे. महागावच्या पुतणीले देऊन टाकली पेटी."

"मी उद्याच जाते महागावला," अर्पिता घाईने म्हणाली. "तुमच्या पुतणीला सगळं नीट समजावून सांगते."

मारोतरावांनी मान हलवली. सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

"पुतणी म्हणजे लेकच. लेकीले देल्लेली वस्तू वापस मांगत नसते, मॅडम."