ताकदीचं इंजेक्शन

कबड्डीच्या सामन्यात शलाकाच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन नीट झालं, पण मांडी वाळून काठी झाली. तिचे प्रशिक्षक म्हणजे तिचेच वडील, आबा. ते तिला दर आठवड्याला स्वतः इंजेक्शन देऊ लागले. "ताकदीचं आहे," एवढंच म्हणाले.

मांडी भरली. शलाका पुन्हा चढाया करू लागली, राज्याच्या संघात आली. तिथल्या तपासणीत तिच्या लघवीत बंदी असलेलं हार्मोन सापडलं.

"आबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

आबांनी मान खाली घातली. "डॉक्टर म्हणाले होते, यानं स्नायू भरतील, पण हे घेऊन स्पर्धेत उतरता येत नाही. तुला कठडा धरून जिना चढताना बघवत नव्हतं गं. वाटलं, तपासणीपर्यंत अंगातून निघून जाईल."

चौकशीत शलाका म्हणाली, "मीच घेतलं. घरी कुणाला माहीत नव्हतं." तिच्यावर बंदी आली. आबांचं प्रशिक्षकपद वाचलं.

मैदानावरच्या मुली रोज संध्याकाळी हाक मारतात, "आबा, चला की!" आबा भिंतीकडे तोंड करून निजल्याचं सोंग घेतात. मग शलाकाच दारात जाऊन सांगते, "आबांना आज बरं नाही."