अँटेनाचं तोंड

अँटेना पाहिली आणि काम-हो म्हातारीचा चेहराच उतरला.

"हिचं तोंड उत्तरेला का रे, मक?"

दक्षिण चीनमधल्या त्या गावच्या संग्रहालयात उद्याच्या उद्घाटनाची तयारी चालली होती. ‘खुल्या धोरणाची साक्षीदार’ अशी पाटी लावून अँटेना बांबूवर चढवली होती. माशाच्या काट्यासारखी ती टीव्हीची अँटेना तिच्या नवऱ्याने स्वतःच्या हातांनी केलेली. तो गेल्यावर त्याचं म्हणून तेवढंच उरलेलं. ती देताना म्हातारीने एकच अट घातली होती : त्याने लावली होती तशीच लावायची, हाँगकाँगकडे तोंड करून.

"वहिनी, उद्या मोठे साहेब येतायत," संग्रहालयाचा प्रमुख मक म्हणाला. "हाँगकाँगकडे तोंड बरं दिसत नाही. म्हणून बीजिंगकडे केलं."

"बीजिंगकडे करून काय दिसायचं आम्हाला? नुसत्या मुंग्या!"

मक हसला. त्याला का ठाऊक नव्हतं? त्या काळी हाँगकाँगचा टीव्ही बघायला बंदी होती, आणि गावच्या पक्षसमितीच्या हुकमावरून हाच मक बांबू घेऊन छपराछपरांवरच्या अँटेना पाडत हिंडायचा. आणि अंधार पडला की याच वहिनीच्या घरी हाँगकाँगची मालिका बघायला हजर! मालिका संपून बातम्या लागल्या तरी उठायचा नाही. आज या गावच्या कारखान्यांतले विजेचे पंखे साऱ्या जगात जातात. पण ती गच्च भरलेली खोली, त्या टरबुजाच्या बिया फोडत मारलेल्या गप्पा... फार गोड दिवस होते ते.

"पाडायचासही तूच आणि बघायचासही तूच," म्हातारी म्हणाली. "आज तरी नीट लाव. नाहीतर मी चालले घेऊन."

मकने दार लोटलं, कडी घातली आणि तो शिडीवर चढला.

"बोला, वहिनी."

नवरा छपरावर अँटेना फिरवत असताना ती खिडकीतून ओरडायची, तशीच ती आता खाली उभी राहिली. "डावीकडे. अजून थोडी. फार झालं, मागे घे."

"सकाळी साहेब यायच्या आत परत फिरवावी लागेल हां."

"फिरव की. तेव्हाही दिवसा उतरवतच होतो ना!"

समोर नुसती पांढरी भिंत होती. म्हातारी तिच्याकडे टक लावून बघत होती.

"थांब! आलं, आलं! आता हलवू नकोस."

मक बराच वेळ तसाच धरून उभा राहिला.