सहा दारांना एक क्लोजर

अग्निशमनच्या तपासणीला आलेले साहेब चौथ्या मजल्यावर कोणाच्या तरी दिवाणखान्यात चहा पीत होते, आणि सुतार तिथलंच जिन्याचं दार आपोआप लावणारा क्लोजर काढून पाचव्या मजल्याकडे पळत होता. सहाव्या मजल्यावरची सून उंबऱ्यात उभी राहून खालून येणारी स्क्रू पिळायच्या मशीनची घरघर ऐकत होती. मध्येच सोसायटीच्या अध्यक्षांचा खोकला ऐकू यायचा. घरघर साहेबांच्या कानावर जाऊ नये म्हणून ते खोकत होते.

दारं सहा होती, मजल्यामागे एक, चांगली जाडजूड. खाली कुठं आग लागली तर जिन्यातून चढणारा धूर घरांपर्यंत पोचू नये, एवढ्यासाठीच ती बसवलेली. पण अशा दाराचा उपयोग ते आपलं आपण लागलं तरच, आणि लागताना ते धाडकन वाजायचं. कोणाची दुपारची झोप मोडली, कोणाला पिशव्या घेऊन दार ढकलायचा कंटाळा आला. करता करता सगळे क्लोजर उतरले आणि भंगारात गेले. ही सगळी शिकलीसवरलेली माणसं. चोराच्या भीतीनं घराला तीन तीन कुलपं लावायची, आणि जिन्याचं दार मात्र सताड उघडं. सुनेला त्यांची कीव येत नसे. किळस यायची.

आत सासूबाई पलंगावर होत्या. कमरेखालचं अंग लुळं पडलेलं, आणि नवरा दिवसभर कामावर. त्यांना उचलून सहा मजले उतरणं तिच्या एकटीच्यानं होणारं नव्हतं. कोणी मदतीला येईपर्यंत धूर थोपवायला ते एक दारच होतं. मागं तिनं पदरमोड करून त्याला नवा क्लोजर बसवून घेतला, तर शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि समितीनं तो उतरवून अध्यक्षांच्या कपाटात ठेवला. आज मजल्यामजल्यावर मिरवत होता तो हाच, तिचा.

सकाळी अध्यक्ष स्वतः आले होते. "वहिनी, आज साहेबांसमोर गप्प राहा. शेवटी तो क्लोजर तुमच्याच मजल्यावर येणार. मग तिथंच राहू देतो. झालं?"

तिनं मान डोलावली होती. खालच्या पाच मजल्यांचं त्यांचं ते बघून घेतील, असंही मनात आलं होतं. त्याची तिला लाज वाटली, पण फार नाही.

लिफ्ट वर आली. साहेबांनी जिन्याचं दार उघडून सोडलं. ते धाडकन लागलं. त्यांनी क्लोजरवर बोट फिरवलं, मग कोपऱ्यात घाम पुसत धापा टाकणाऱ्या सुताराकडे पाहिलं.

"तुमचे सगळे क्लोजर अगदी सारखे दिसतात," ते म्हणाले. "ओरखडासुद्धा त्याच जागी."

"एकदमच घेतले होते साहेब," अध्यक्ष म्हणाले.

साहेबांनी तिच्याकडे वळून विचारलं, "तुमची काही तक्रार?"

त्यांना सगळं कळलं होतं, हे तिला कळलं. बोलायचंच तर तिनं बोलावं, एवढ्याचीच ते वाट बघत होते. म्हणजे बोलल्याचं खापर तिच्यावर. आणि बोललं तर क्लोजर कायमचा गेलाच. अध्यक्ष तिच्याकडे मोठ्या मायेनं बघत होते.

"नाही," ती म्हणाली.

साहेबांनी सही केली, पोट चहानं तुडुंब भरलंय म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले.

लिफ्ट खाली गेली तशी अध्यक्षांनी सुताराला खूण केली. त्यानं स्टूल ओढलं.

"अहो, तो इथंच राहणार होता ना?"

"म्हटलं होतं खरं. पण तुमच्या शेजाऱ्यांनी आत्ताच फोन केला. पुन्हा ती आदळआपट नको म्हणतात. चार माणसांचं ऐकावं लागतं, वहिनी."

"आणि आमच्या आईंचं काय? उद्या खाली आग लागली, धूर वर आला, तर मी त्यांना घेऊन कुठं जाऊ?"

पहिला स्क्रू सुताराच्या तळहातावर पडला. अध्यक्ष समजुतीच्या सुरात, अगदी घरच्या माणसासारखे बोलले.

"तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेता. आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत साहेबांनी सही केली ना, की आपली सहाच्या सहा दारं ठीक आहेत म्हणून?"

ते थट्टा करत असतील म्हणून तिनं त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. ते थट्टा करत नव्हते.